आवार शेठांचं, बंदूक उखर्डूची

उखर्डूला मी किती ओळखत होतो, असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. तो तेलगिरणीत घाणीवर होता, मी काट्यावर. सरकीचे ट्रक आत येताना आणि पेंडीचे टेम्पो बाहेर जाताना मी वजन करायचो. सकाळी तो माझ्या खिडकीवरून आत जायचा आणि संध्याकाळी तिथूनच परत जायचा. बोलणं व्हायचं ते दोन-चार शब्दांचं. त्याला किती मुलं, हेही मला तो गेल्यावर कळलं. त्याची मुलगी मेघा धुळ्याच्या कॉलेजात शिकते. ती मध्यंतरी घरी येऊन म्हणाली, "नाना, गिरणीत आमचे बाबा कसे होते ते लिहून द्या. आम्हाला फक्त घरातले बाबा माहीत आहेत." मला लिहायची सवय नाही. पण तिला नाही म्हणवलं नाही. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

उखर्डू मूळचा धुळ्याकडचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने उकिरड्यावरून असं नाव ठेवलं, म्हणजे कोणाची नजर लागू नये. अमळनेरजवळ एका खेड्यात मंजुळाबाईंशी त्याचं लग्न झालं आणि तो तिथेच राहिला. मंजुळाबाई एकुलत्या एक. सासऱ्यांनी शेत त्यांच्या नावावर केलं. मंजुळाबाईंचा चुलतभाऊ नवल याला ते सहन झालं नाही. शेत आपल्याच भाऊबंदकीत राहायला हवं होतं, बाहेरचा जावई येऊन त्यात नांगर कसा धरतो, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्याने कोर्टात दावा लावला, पण निकाल मंजुळाबाईंच्या बाजूने लागला. नवलने वरच्या कोर्टात अपील केलं. त्याची तारीख जळगावला पडायची आणि पुढे ढकलली जायची.

एका संध्याकाळी गिरणीतून घरी जाताना उखर्डूला रस्त्यात अडवलं. दोन मोटरसायकली आडव्या घातल्या आणि त्याला काठ्यांनी मारलं. हात गळ्यात बांधून तो कामावर आला. कोणी मारलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अंधारमा तोंड कोणाले दिसस नाना? पण आवाज वळखीचा शे."

त्यानंतर त्याने वडिलांची बंदूक आणली. वडील धुळ्याकडे असताना रानडुकरांपासून पीक राखायला ती बाळगत. एकनळी, बारा बोअर. वडिलांमागे लायसन आपल्या नावावर करून घेण्यासाठी त्याने धुळे आणि जळगाव असे पुष्कळ हेलपाटे घातले होते. ती बंदूक गोणपाटात गुंडाळून, लुनावर पाठीला आडवी बांधून तो पहिल्यांदा गिरणीच्या गेटवर आला तो दिवस मला आठवतो. चौकीदार उठून उभाच राहिला. सरकी निवडणाऱ्या बायका आत पळाल्या. त्यांची मुकादम शेवंताबाई मात्र थांबली आणि म्हणाली, "भाऊ, हाई जनावर इकडे आणू नको बरं. आमले भेव वाटस."

"जनावर नही शे अक्का. लोखंड शे."

"मग घरले ठेव ना लोखंड."

"घरले मी दिवसभर नही ऱ्हास. रस्त्यावर माले लागस."

गिरणीचे मालक जवरीलाल शेठ, त्यांचा मुलगा रोनक बाहेर आला. रोनक पुण्याला शिकून आलेला. आवाज चढवत नाही, पण एकदा म्हटलं की म्हटलं. तो म्हणाला, "उखर्डूभाऊ, विम्याच्या माणसाने स्पष्ट सांगितलं आहे. सरकीचं गोडाऊन आहे, तेल आहे. आवारात दारूगोळा चालणार नाही. आणि समजा इथे कोणाचं भांडण झालं, कोणी हात घातला त्या पोत्यात, तर? इथे साठ माणसं काम करतात. त्यांनी काय करायचं?"

"माले लायसन शे रोनकशेठ. सरकारनी दिन्हं शे."

"लायसन तुमचं आहे, मान्य. आवार आमचं आहे."

"आवार तुमनं. मी कोठे नाही म्हणस? पण रस्ता? संध्याकाळी तुम्ही माले आवारबाहेर काढतस. तठे कोण शे मना?"

मी खिडकीत बसून ऐकत होतो. मला दोघांचंही पटत होतं. समोर यशोदाबाईंची चहाची टपरी आहे. तिथे ठेवावी, असं कोणी सुचवलं. पण दुसऱ्याच्या ताब्यात बंदूक दिली तर लायसन जातं, असं उखर्डू म्हणाला. यशोदाबाईंनी तर हातच जोडले. "माझ्या दुकानात दुधाचं पातेलं राहील नाहीतर ती राहील," म्हणाल्या.

शेवटी जवरीलाल शेठांनी मार्ग काढला. शेठ धर्माने जैन, संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवणारे, पाणी गाळून पिणारे. त्यांच्या पत्नी तारादेवी त्यांच्याहून कडक. त्यांचं राहतं घरही आवारातच. शस्त्र आत येणार नाही, हे शेठांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. पण त्यांनी उखर्डूचा गळ्यात बांधलेला हात पाहिला होता. ते म्हणाले, "चौकी भिंतीच्या बाहेर आहे. तिथे लोखंडी पेटी ठेव, कुलूप तुझं, किल्ली तुझ्याकडे. बंदूक तिथे राहील. पण काडतुसं बंदुकीजवळ राहायची नाहीत. ती माझ्या नजरेखाली राहतील. संध्याकाळी जाताना घेऊन जा."

असं ठरलं. कायद्यात ते बसत होतं की नाही हे विचारायला कोणी गेलं नाही. शेठांच्या ऑफिसात मुखवासाचा एक जुना स्टीलचा डबा होता. उखर्डू सकाळी स्वतःच्या हाताने त्यात काडतुसं ठेवायचा आणि झाकण लावायचा. शेठ डबा कपाटात ठेवायचे. काडतुसाला ते कधी बोट लावत नसत, डब्याला लावत. संध्याकाळी डबा पुढे सरकवताना म्हणायचे, "घे बाबा, तुझं पाप तू सांभाळ."

उखर्डू म्हणायचा, "पाप तुमना कपाटमा दिवसभर बसनं शेठ. अर्धं तुमनं."

शेठ हसायचे. रोनकला हे आवडत नव्हतं, पण वडिलांपुढे तो बोलला नाही. बायकाही हळूहळू सरावल्या. उखर्डूला कोणी अडवलं नाही त्यानंतर. निदान मला तसं कळलं नाही. नवल मात्र दिसायचा. म्हशींसाठी तो आमच्याच गिरणीतून पेंड नेई. टेम्पो काट्यावर लावून माझ्याशी गोड बोलायचा. उखर्डू दिसला की हाक मारायचा, "काय जावईबापू, ठीक ना?" उखर्डू मान हलवायचा आणि पुढे जायचा. त्या हाकेत शिवी नव्हती. तरी ती ऐकली की मी पावती घाईने फाडून त्याच्या हातात द्यायचो.

मागच्या भाद्रपदात पर्युषण आलं. त्या आठ दिवसांत शेठांच्या घरचं वातावरण वेगळंच असतं. तारादेवींनी अठाई धरली होती, म्हणजे आठही दिवस निव्वळ गरम पाण्यावर. गिरणी एका पाळीवर चालू होती, आणि संवत्सरीला, म्हणजे शेवटच्या दिवशी, बंद राहणार होती. पर्युषणाच्या आदल्या संध्याकाळी शेठांनी डबा कपाटातून काढला आणि हातात धरून ठेवला. मी त्या वेळी वजनाच्या पावत्या द्यायला ऑफिसात गेलो होतो.

"उखर्डू," शेठ म्हणाले, "एक मागू का?"

"मागा ना शेठ."

"उद्यापासून आठ दिवस हा डबा मी तुझ्या हातात द्यायचा, म्हणजे माझ्या हातून काय होतं ते मला कळतं. इतर दिवशी मी मन मारतो. या आठ दिवसांत जमणार नाही. तू रजा घे, पगार कापणार नाही. नाहीतर बंदूक घरी ठेव."

उखर्डूने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "रजा नको. घर बसीसन काय करू? डबा आसाच ऱ्हाऊ द्या. आठ दिन मी मागणार नाही. बंदूक रिकामी लई जासू. दखणारले काय समजस?"

शेठांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डबा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. बाहेर येताना मी उखर्डूला म्हटलं, "घरी आणखी असतील ना? खिशात एखादं टाकून येत जा. कोण बघायला येतं?"

"नाही नाना. शब्द दिन्हा शे."

गोष्ट इथे थांबली असती, तर मला वाटतं काही झालं नसतं. ऑफिसातल्या तिघांशिवाय कोणाला ती ठाऊक नव्हती. पण जैनांमध्ये एक रीत आहे. कोणी व्रत केलं, त्याग केला, तर त्याचं चारचौघांत कौतुक करायचं. त्याला ते अनुमोदना म्हणतात. दुसऱ्याच्या त्यागाला मनापासून चांगलं म्हटलं की आपल्यालाही त्याचं पुण्य लागतं, असा त्यांचा भाव. शेठांनी घरी जाऊन तारादेवींना सांगितलं असणार. ज्याने बंदुकीसाठी एवढा वाद घातला त्यानेच आपण होऊन काडतुसं ठेवून दिली, हे ऐकून त्या उपाशी बाईला केवढं वाटलं असेल!

दुसऱ्या दिवशी दुपारी घाणी थांबवून सगळ्यांना गेटजवळ बोलावलं. तारादेवी खुर्चीवर बसल्या होत्या. शेठांनी उखर्डूच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. म्हणाले, "आपण देवाचं नाव घेऊन तप करतो. या माणसाने जिवाची भीती सोडून तप केलं. आठ दिवस याच्या बंदुकीत गोळी नाही. याला मी नमस्कार करतो." आणि खरोखर वाकून नमस्कार केला. सगळ्यांना पेढे वाटले. रोनकने मोबाइलवर फोटो काढला.

उखर्डूचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. तो पेढा हातात धरून उभा होता, खायचं विसरून. सासरच्या गावात त्याला इतकी वर्षं सगळे घरजावई म्हणूनच बघत आले. शाल कोणी घातली असेल त्याला? लग्नात घातली असेल तेवढीच. शेवंताबाई त्याला म्हणाली, "भाऊ, आते तुम्ही मोठा माणूस व्हई गयात." तो लाजला. शाल घडी करून त्याने जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि परत घाणीवर गेला.

गेटवर एक फळा असतो. पर्युषणात शेठांची सून चेलना रंगीत खडूंनी त्यावर घरातल्यांची तपं लिहिते. तिचं अक्षर फार सुरेख आहे. त्या संध्याकाळी तारादेवींच्या अठाईखाली एक ओळ वाढली होती. उखर्डू माझ्या खिडकीशी थांबला.

"नाना, फळावर मनं नाव शे म्हणे?"

"आहे."

"काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं. "उखर्डूभाऊ पाटील, आठ दिवस शस्त्रत्याग. अनुमोदना."

त्याने दोनदा मान हलवली. त्याला बरं वाटलं होतं. मग पाठीवरची बंदूक सारखी करून तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. बसस्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा तिथूनच जातात. टेम्पो, ट्रॅक्टर, सगळं तिथूनच.

"हाई फळा रस्तावरथीन दिसस का नाना?"

"दिसतो," मी म्हणालो.

तो लुना सुरू करून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोनकला गाठलं. मला असं कोणाला सांगायला जमत नाही, पण गेलो. म्हटलं, "फळा आत घेता येईल का? निदान ती ओळ पुसली तर..."

"नाना, पर्युषणात अनुमोदना पुसायची? मम्मीजी उपवासात आहेत, त्यांना काय वाटेल?" मग त्याने मोबाइल दाखवला. "आणि फळ्याचं काय घेऊन बसलात? फोटो ग्रुपवर कालच गेला. शंभर जणांनी हात जोडले आहेत."

तो ग्रुप गिरणीच्या गिऱ्हाइकांचा होता. पेंडीचा आणि तेलाचा रोजचा भाव त्यावर टाकतात. पेंड नेणारे सगळे त्यात आहेत.

उखर्डूला मी हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आते काय करू? शाल परत करू?" मी म्हटलं, शेठांना सांग, डबा माग, ते समजतील. तो म्हणाला, "शेठ समजतीन. पण त्या माय उपाशी बठी शेतस ना. त्यासले काय सांगू? नवलले घाबरी गऊ म्हणू?" मग रजा घे म्हटलं. त्यावर तो हसला. "रजा लिधी तर तो घर ईन. रस्त्यावर एकटा मीच तरी शे."

त्याच आठवड्यात नवल पेंडीला आला. टेम्पो काट्यावर चढवला, खाली उतरला आणि फळ्यासमोर जाऊन उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्याने सगळा फळा वाचला. तारादेवींच्या अठाईला त्याने हात जोडले. उखर्डू तेव्हा पेंडीची पोती ढकलत बाहेर आला होता.

"वा जावईबापू! साधू व्हई गयात का?"

उखर्डूने पोतं टेम्पोला टेकवलं.

"चांगलं शे, चांगलं शे," नवल म्हणाला. "आठ दिन ना? संवत्सरीपावत?" मग माझ्याकडे वळला. "काय नाना, संवत्सरी कधीनी शे?"

मी वजनाकडे बघत राहिलो. आकडा स्थिर झाला होता, तरी मी तो लगेच वाचला नाही. नवल हसला. "जाऊ द्या. फळावर लिखेल शे," म्हणाला आणि पावती घेऊन गेला. जाताना यशोदाबाईंकडे थांबून त्याने चहा घेतला आणि शेजारच्यांनाही पाजला.

संध्याकाळी मी उखर्डूला म्हटलं, आज माझ्याकडेच झोप. तो म्हणाला, "मंजुळा वाट दखस." त्यानंतर तो रोज सूर्य असतानाच निघायची घाई करायचा. पण पाळी सुटायची दिवेलागणीला, आणि भाद्रपदात अंधार लवकर पडतो. एका दिवशी रोनकने त्याला अर्धा तास आधी सोडलं. त्या दिवशी तो उजेडात घरी पोचला. एका दिवशी गावाकडे जाणारा ट्रॅक्टर मिळाला, त्यामागे त्याने लुना चालवली. पेटी उघडून बंदूक काढताना तो ती उगाच मधून उघडून नळीतून बघायचा. रिकामीच असायची.

संवत्सरीच्या आदल्या संध्याकाळी तो घरी पोचला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गावातल्या एकाला बाजरीच्या शेतात लुना आडवी पडलेली दिसली. उखर्डू तिथून थोड्याच अंतरावर होता. बंदूक जवळच पडली होती. ती त्याने काठीसारखी धरून वार अडवले असावेत, कारण दस्ता फुटला होता. नवलला पोलिसांनी पकडलं, मग तो जामिनावर सुटला. केस चालू आहे. काय शाबीत होईल मला माहीत नाही. शेताची तारीखही अजून पडते आहे. मंजुळाबाई आता मुलीला सोबत घेऊन जळगावला जातात.

संवत्सरीला जैन लोक सगळ्यांची क्षमा मागतात. शेठ त्या दिवशी जैन स्थानकातून, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागेतून, थेट मंजुळाबाईंच्या दारात आले. मी तिथे होतो. ते हात जोडून उभे राहिले. मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. रोनक मागे उभा होता. गेटवरचा फळा चेलनाने तोपर्यंत धुतला होता. पण नंतरही कितीतरी दिवस त्यावर रंगीत डाग दिसत होते. आता आवारात कोणी शस्त्र आणत नाही. गेटवर तशी पाटी लावली आहे, आणि चौकीतली पेटी भंगारात दिली. असंच असायला हवं, असं मलाही वाटतं. मग रस्त्याचं काय, हे मला कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. रोनककडेही त्या दिवशी नव्हतं.

मेघाला आणखी काय सांगू? तिचे बाबा कामात चोख होते, थट्टा करायचे, दिलेला शब्द पाळायचे. यापलीकडे मला माहीत नाही. त्या शेवटच्या संध्याकाळी काय बोलले, असं तिने विचारलं होतं. मी तिला तेव्हा सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. पाळी सुटली होती. उखर्डूने बंदूक पाठीला बांधली आणि लुना ढकलत माझ्या खिडकीशी आला. आकाश पश्चिमेला अजून थोडं लाल होतं. मी खिडकी लावत होतो.

"नाना, परवा एक पोतं पेंड बाजूले ठी द्या. मनी म्हैस दूध कमी देस."

"ठेवतो. बारीक देऊ की जाडी?"

"जाडी द्या. बारीक ती फुकी टाकस."

"बरं," मी म्हणालो.